दोनशे डिग्रीवरचे फलाफल

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. रोज काय खाल्लं ते लिहायचं म्हणे. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, त्याची ही शिक्षा.

संध्याकाळी काय जेवता, असं त्यांनी विचारलं. खरं ते सांगितलं. आमच्या कोपऱ्यावर एक दुकान आहे, तिथे फलाफल मिळतात. काबुली चणे वाटून, कोथिंबीर-लसूण घालून तळलेले गोळे. दुकानदार ब्रेडमध्ये भरून देतो. रोज खाता का, म्हणाले. मी म्हटलं, छे, सोमवारी दुकान बंद असतं. यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरांना बोलायला काही सुचलं नाही की ते चष्मा पुसतात, हे मी गेल्या वर्षी हिच्या आजारात पुष्कळ वेळा बघितलं आहे.

मग आवाज बारीक करून म्हणाले, मिसेस गेल्यापासून का हे? मी म्हटलं, दुकान आधीपासून आहे. दुःखात माणसाचं खाण्याकडे दुर्लक्ष होतं, असं त्यांचं म्हणणं. दुर्लक्ष कसलं? बरोबर साडेसातला जातो.

ही ऑक्टोबरमध्ये गेली. तेव्हापासून जो तो माझ्याशी आवाज बारीक करून बोलतो. माझे कान चांगले आहेत.

वही आणली. लिहीन. पण डॉक्टरांना दाखवणार नाही.

आज: सकाळी टोस्ट. दुपारी सूप. संध्याकाळी दुकान बंद, म्हणून बिस्किटं.

५ मार्च, बुधवार

मुलीचा फोन. रिपोर्ट तिच्याही मोबाइलवर गेला. आजकाल माणसाचं रक्त आधी सगळ्या गावाला दाखवतात, मग त्याला.

म्हणाली, बाबा, पुरे झालं आता, आमच्याकडे या, मागची खोली रिकामीच आहे. ती खोली मी बघितली आहे. इस्त्रीचं टेबल, बॅगा, आणि खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत. शिवाय जावई. चांगले आहेत, पण खाण्याआधी प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवतात. बदाम मोजून खातात. हसतातही मोजूनच.

मी म्हटलं, मी माझं नीट करून खातो. ती म्हणाली, काय करून खाता, सांगा बघू. एकदम विचारल्यावर माणूस काय सांगणार? डॉक्टरांनी दिलेला छापील कागद समोर होता, त्यातलं दिसलं ते बोललो. फलाफल. घरी केलेले. भाज्या घालून, बेक करून.

मग म्हणाली, ठीक आहे, तीस तारखेच्या रविवारी आम्ही दोघं जेवायला येतो. तुमच्या हातचं, न तळलेलं. जमलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि तुम्ही आमच्याकडे यायचं. कबूल? कबूल म्हटलं. कोर्टात असल्यासारखी बोलते. हिच्यावर गेलेली नाही.

तीस तारखेला भरपूर अवकाश आहे. खरं तर एक रविवार पुरे.

संध्याकाळी दुकानात गेलो. अभ्यासासाठी.

८ मार्च, शनिवार

इंटरनेटवर एक बाई हेल्दी फलाफल करून दाखवते. पहिल्यापासून शेवटपर्यंत हसते. गाजर किसताना हसण्यासारखं काय असतं? स्वयंपाकघर इतकं पांढरं की तिथे ऑपरेशन करावं.

आणि सगळं मोघम. मूठभर कोथिंबीर. कोणाची मूठ? ओव्हन मध्यम तापवा. मध्यम म्हणजे किती? सोनेरी होईपर्यंत ठेवा. सोनेरी हा काय रंग झाला? आमच्या शेडकार्डवर सोनेरीच्या अकरा छटा आहेत.

मी पावडर कोटिंगच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. लोखंडाच्या वस्तूवर रंगाची कोरडी पावडर उडवायची, वस्तू ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीला ठेवायची, पावडर वितळून रंग पक्का बसतो. म्हणजे भाजणं हा माझा रोजचा धंदा आहे. हसऱ्या बाईंनी माझ्याकडे शिकायला यावं.

हीसुद्धा फलाफल करायची. तळायची. तेल तापलं का ते कोथिंबिरीचं पान टाकून बघायची. मी चांगला थर्मामीटर आणून दिला होता, तो तिने बाहेरचा उकाडा बघायला खिडकीत टांगला. एक गोळा दुसऱ्यासारखा नसे. आमच्याकडे असा माल एक दिवस पास झाला नसता. खायला बरे असत, ते वेगळं.

ठरवलं आहे की सगळं मोजून-मापून करायचं. दुकानात जाणं आजपासून बंद. आज गेलो ते सांगायला, की उद्यापासून येणार नाही. दुकानदार, म्हणजे मी त्याला कढईवाला म्हणतो, म्हणाला, मग आज दोन जास्त घ्या काका. घेतले.

९ मार्च, रविवार

चणे कुकरमध्ये चांगले मऊ शिजवले. गाजर, पालक, कोबी किसून घातलं. मिक्सरमधून काढलं. पातळ झालं. ओट्स घातले. तरी पातळ. आणखी ओट्स घातले. ओट्स संपले.

व्हिडिओ पुन्हा लावला. चणे शिजवायचे नसतात, नुसते भिजवून वाटायचे असतात, असं बाईंनी सांगितलं आहे. पण कधी? अगदी सुरुवातीला, नमस्कार-चमत्कार चालू असताना. ती सुरुवात मी सोडून दिली होती, कारण ती त्यात फार हसते. महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकायची, ही कुठली पद्धत?

ओव्हन वापरला नाही. आत हिचे ट्रे आहेत, केकचे साचे आहेत, हातमोजे आहेत. ओव्हन बंद असला की ही त्याचं कपाट करायची. ते सगळं काढून कुठे ठेवायचं हे आधी ठरवायला हवं. घाईचं काम नाही. शिवाय त्याच्या बटणावरचे आकडे पुसले गेले आहेत. बिनआकड्यांच्या ओव्हनवर मी काम करत नाही.

मिश्रण फ्रिजमध्ये ठेवलं. सूप म्हणून चालेल.

११ मार्च, मंगळवार

सूप म्हणून चाललं नाही.

मेहुणीचा फोन आला, हिची धाकटी बहीण. म्हणाली, भावोजी, ताईचे केकचे साचे नुसते पडून असतील तर मी घेऊन जाऊ का? मी म्हटलं, पडून कशाने असतील, रोज वापरात आहेत. तुम्ही केक करता? नाही, फलाफल. केकच्या साच्यात, भावोजी? मी हो म्हटलं. पुढे ती रडली की हसली ते फोनवर कळलं नाही. तिचं दोन्ही सारखंच ऐकू येतं.

लोकांना मेलेल्या माणसाच्या वस्तूंची फार घाई असते.

संध्याकाळी दुकानात. कढईवाल्याला सांगितलं की मी गिऱ्हाईक म्हणून आलेलो नाही, अभ्यास चालू आहे. म्हणाला, करा की काका, पण बसून करा, उभ्याने अभ्यास डोक्यात जात नाही. आगाऊ आहे. बसलो.

१३ मार्च, गुरुवार

इतके दिवस सुचलं कसं नाही? कारखान्यात ओव्हन आहे. खोलीएवढा. डिजिटल. दर सहा महिन्यांनी तपासून घेतलेला, सर्टिफिकेटवर माझी सही असलेला. आणि मी घरातल्या त्या पुसक्या बटणाशी झगडत बसलो होतो!

आता चणे न शिजवता, रात्रभर भिजवून वाटले. गाजर-पालक किसून फडक्यात पिळून घेतलं. सगळे गोळे वजन करून एकसारखे. पत्र्याच्या डब्यात ठेवले, झाकणाला वाफेसाठी भोकं पाडली. जेवणाच्या सुट्टीत डबा ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात, कॉटांच्या लोखंडी बाजूंच्या मागे ठेवला. एका हॉस्पिटलच्या कॉटांचं काम चालू आहे, पांढरा रंग. ट्रॉली आत गेली. दोनशे डिग्री. लोखंडाला जेवढा वेळ देतो तेवढाच यांना.

सुट्टी संपायच्या आत टेबलावर टेस्ट घेतल्या. गोळ्यावर वजन सोडलं: तडा नाही. पेन्सिलने ओरखडून बघितलं: ओरखडा नाही. ब्लेडने चौकटी पाडल्या, वर टेप चिकटवून जोरात ओढला: एक कण निघाला नाही. सगळ्या टेस्ट पास. असा निकाल आमच्या मालाचाही नेहमी येत नाही.

फक्त चावता येत नाहीत. आमच्याकडे चावण्याची टेस्ट नसते, त्यामुळे हे शेवटी लक्षात आलं.

पण दिशा बरोबर आहे.

१७ मार्च, सोमवार

कोरडेपणावर उपाय सापडला. गोळ्यांना ब्रशने तेल लावायचं. हे तळणं नव्हे, हा लेप आहे. फरक समजून घ्यायला हवा. तळण्यात गोळा तेलात जातो, लेपात तेल गोळ्यावर येतं.

आज लेप दिला. वरचं कवच अजून कडक, पण आत थोडा जीव आला. लेप वाढवायला हवा.

मुलीला फोनवर सांगितलं की प्रगती उत्तम आहे. तिने विचारलं, आईच्या ओव्हनमध्ये करताय ना? मी म्हटलं, ओव्हनमध्येच. खोटं काही बोललो नाही.

सोमवार असल्याने दुकान बंद. चुकून तिथपर्यंत जाऊन आलो.

१८ मार्च, मंगळवार

कारखान्यात गोंधळ. हॉस्पिटलच्या कॉटांच्या बाजूंवर खड्डे पडले. टाचणीच्या डोक्याएवढे, पांढऱ्या रंगावर सगळीकडे, देवी आल्यासारखे. कालचा सगळा माल रिजेक्ट. रंग काढून पुन्हा करायचा.

असे खड्डे तेलाने पडतात. हे मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवतो. ओव्हनच्या हवेत तेलाचा अंश जरी असला, तरी वितळलेली पावडर तिथून बाजूला सरते आणि खड्डा पडतो. कोणीतरी आत तेल आणतं आहे. बेजबाबदारपणाला काही सीमा? मालकांना सांगितलं, माणूस मी शोधून काढतो.

माझा संशय हँगरवाल्या मामांवर आहे. माल हुकांना तेच लटकवतात. डोक्याला भरपूर तेल लावणाऱ्यांपैकी दिसतात.

१९ मार्च, बुधवार

मामांना बोलावून स्पष्ट विचारलं, केसांना तेल लावता का? त्यांनी टोपी काढली. आत एकही केस नाही. एवढी वर्षं बरोबर काम करतो, पण त्यांना टोपीशिवाय कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, साहेब, लावायला सांगत असाल तर लावतो, काही उगवलं तर बरंच आहे. सगळे हसले. शिस्त राहिलेली नाही.

नोटीस लावली. केसांचं तेल, हाताचं क्रीम, कोणत्याही प्रकारचा स्निग्ध पदार्थ शेडमध्ये आणण्यास सक्त मनाई. ऑफिसातल्या बाई नोटीस टाइप करताना म्हणाल्या, सर, तुमच्या बॅगेतून जिऱ्याचा वास येतो तो? मी म्हटलं, ते जेवण आहे. तो विषय वेगळा.

आज लेप दुप्पट केला.

२० मार्च, गुरुवार

नोटीस लावूनही पुन्हा खड्डे. आधीच्यापेक्षा मोठे. आता पावडर पुरवणाऱ्याचा संशय येतो. त्याला कडक शब्दांत मेल लिहिला.

फलाफल मात्र सुधारत आहेत. आज एक चावला गेला. त्याच्याबरोबर माझ्या दाढेची कॅपही गेली, पण ती जुनीच होती.

२४ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत ओव्हनपाशी गेलो तर मालक स्वतः उभे. शेजारी पावडर उडवणारा गनवाला. शेडमध्ये आठवडाभर लसणाचा वास येतो, अशी चुगली त्याने केली. या माणसाला पांढऱ्या रंगातला फरक कळत नाही, लसणाचा मात्र बरोबर कळतो.

मालकांनी ट्रॉली बाहेर ओढली. हातमोजा घालून डबा उघडला. एक गोळा उचलून बराच वेळ फिरवून बघितला आणि मला विचारलं, हा कुठला पार्ट आहे?

मी म्हटलं, हे जेवण आहे. फलाफल. हेल्दी.

हेल्दी? या ओव्हनमधलं? रंगाचा धूर लागलेलं? तुम्ही हे खाता?

मी म्हटलं, डब्याला झाकण आहे. ते म्हणाले, झाकणाला भोकं आहेत. मी म्हटलं, ती वाफ बाहेर जायला आहेत. त्यातून काही आत यायचं कारण नाही. त्यांनी फक्त गोळ्यातून मोज्यावर उतरलेलं तेल मला दाखवलं. गनवाल्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

मी म्हटलं, हा लेप आहे.

मग मालकांनी त्याला पिटाळलं आणि आवाज बारीक केला. मला धसका बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, वहिनी गेल्या, तुम्ही तिसऱ्या दिवशी कामावर हजर. तेव्हाच मी तुम्हाला घरी पाठवायला हवं होतं, चूक माझी आहे. आता महिनाअखेरपर्यंत सुट्टी घ्या. घरी बसा. वाटलं तर रडा.

म्हणजे मी रडायचं ते यांच्या परवानगीने! कॉटांचं काय होणार ते बघा म्हणावं आधी.

निघताना मामा गेटपाशी भेटले. टोपी काढून नमस्कार केला. मुद्दाम काढली.

२६ मार्च, बुधवार

सुट्टी उपयोगाची आहे. आता दिवसभर वेळ. चणे आहेत, भाज्या आहेत, पद्धत पक्की झाली आहे. घरातला ओव्हन तेवढा तयार करायचा. आतलं सामान काढायचं, पुसायचं, थर्मामीटर लावून बटणावर नवे आकडे घालायचे. एका सकाळचं काम.

सकाळी ओव्हनसमोर खुर्ची घेऊन बसलो. दाराची काच धुरकट आहे, तरी आतलं दिसतं. ट्रे, साचे, आणि सगळ्यात वर हातमोजे, एकात एक घालून ठेवलेले. ही नेहमी तसेच ठेवायची. उजव्याच्या अंगठ्याला जळून भोक पडलं आहे. नवे आण म्हणून किती वेळा सांगितलं होतं.

आज पालक निवडून झाला.

२७ मार्च, गुरुवार

ओव्हन साफ करायला कोणतं लिक्विड चांगलं, याचा अभ्यास केला. सगळी भिकार आहेत.

कढईवाला म्हणाला, काका, हल्ली दुपारीही येता, तब्येत बरी आहे ना? लोकांना नसत्या चौकशा.

२९ मार्च, शनिवार

उद्या येणार. आज शांतपणे विचार करता असं लक्षात आलं की ओव्हनच हवा असा काही नियम नाही. बेक करणं म्हणजे कोरड्या उष्णतेत भाजणं. कोरडी उष्णता टोस्टरमध्येही असते. शास्त्रीयदृष्ट्या टोस्टर हा उभा ओव्हनच आहे.

गोळे चपटे करून टोस्टरच्या फटीत बसतील असे केले. पहिला बसला. दुसरा अर्धा खाली गेला आणि तुटला. चमच्याने काढायला गेलो. फ्यूज उडाला.

पहिला बाहेर काढला तो एका अंगाने काळा, दुसऱ्या अंगाने कच्चा. अभ्यासाच्या दृष्टीने उपयुक्त.

फ्यूज बसवला. उद्या सकाळी लवकर उठून ओव्हन रिकामा करणार. हे नक्की. लिहून ठेवतो म्हणजे नक्की.

३० मार्च, रविवार, सकाळी

लवकर उठलो. ओव्हनचं दार थोडं उघडून बघितलं. बिजागरी वाजते. बंद केलं.

दुकान अकराला उघडतं. हे सहज लिहून ठेवलं.

३० मार्च, रविवार, संध्याकाळी

जिंकलो.

सविस्तर लिहितो. कढईवाल्याकडून तीन माणसांपुरते आणले. तो म्हणाला, एवढे? आज परीक्षा आहे का काका? घरी येऊन प्रत्येक गोळा कागदाने टिपला. कागदाची अर्धी गुंडाळी गेली. वरून किसलेलं गाजर आणि पालक पेरला. म्हणजे भाज्या घातलेले फलाफल झाले. फक्त बाहेरून.

दोघं वेळेवर आली. मुलगी आल्या आल्या म्हणाली, बाबा, किती वाळलात. डॉक्टर म्हणतात वजन वाढलं. एकदा दोघांनी बसून ठरवावं. जावयांनी खिशातून छोटा वजनकाटा काढून टेबलावर ठेवला.

मुलगी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. मी बाहेरूनच ओरडलो की ओव्हनला हात लावू नको, गरम आहे. बरं म्हणाली. बराच वेळ लागला तिला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. कांद्याने असेल. कांदा चिरलेला नव्हता, पण घरात होता.

जेवलो. जावई म्हणाले, बाबा, कमाल आहे, बेक केलेत असं वाटतच नाही! मी म्हटलं, तंत्र असतं. त्यांनी रेसिपी विचारली. मी माझी सांगितली, दोनशे डिग्री वगैरे सगळं, वेळेसकट. त्यांनी मोबाइलवर टिपून घेतली. मुलगी खाली मान घालून खात होती. छान झालेत, म्हणाली.

मग जावई म्हणाले, खरं सांगू, आईंच्या हातच्यापेक्षा हे हलके आहेत. त्यांचे जरा तेलकट व्हायचे.

मी म्हटलं, तिचे फार चांगले व्हायचे. हे ठरवल्यापेक्षा मोठ्याने बोललं गेलं. म्हटलं, तेवढं तेल लागतंच. नाहीतर आतून मऊ कसे राहणार? तसे अजून कोणी करत नाही. दुकानवाल्यालाही जमत नाहीत. जावयांनी काटा बंद केला. मुलगी म्हणाली, हो बाबा, आईचे वेगळेच व्हायचे.

नंतर तिने हात धुतले आणि म्हणाली, मग ठरलं. तुमचं छान चाललं आहे, तुम्ही इथेच राहा. मी बोलले होते त्याप्रमाणे आता विषय काढणार नाही. मी म्हटलं, मी सांगतच होतो. जावईही बरं झालं म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

तीन वाजता निघाली. मला वाटलं होतं संध्याकाळपर्यंत थांबतील. चहाचे तीन कप काढून ठेवले होते. दोन परत ठेवले.

आता कोणाची कटकट नाही.

२ एप्रिल, बुधवार

काल कामावर रुजू झालो. नवी नोटीस लागली आहे, माझ्याच नोटिशीच्या खाली. ओव्हनमध्ये खाद्यपदार्थ ठेवू नयेत. कोणाचं नाव घातलेलं नाही. घालायची गरजही नाही, मामा सगळ्यांना वाचून दाखवतात.

मुलीचा फोन. मागच्या खोलीतून इस्त्रीचं टेबल आणि बॅगा हलवल्या, तिथे ट्रेडमिल आणली. जावई सकाळी तिच्यावर पळतात. मी म्हटलं, चांगलं केलं, व्यायाम हवाच. किती जागा जाते, असं सहज विचारलं. म्हणाली, सगळी खोली गेली बाबा, दारसुद्धा पूर्ण उघडत नाही. खिडकीला पडदे लावले आहेत, निळे. आधीच घेऊन ठेवले होते.

निळा रंग मला आवडतो, हे तिला माहीत आहे.

त्या खोलीची टांगती तलवार एकदाची गेली. पळू देत पळायचं तेवढं. एवढं पळून माणूस त्याच खोलीत राहतो.

६ एप्रिल, रविवार

सकाळी मुलीकडून फोन. आधी जावई बोलले. माझ्या रेसिपीने त्यांनी फलाफल केले. दगड झाले म्हणे, पण प्रोटीन भरपूर, पोट भरलेलं राहतं. आठवडाभराचे करून ठेवले आहेत. आनंदात होते. या माणसाबद्दल मी आता काही लिहीत नाही.

मग मुलीने फोन घेतला. दुसऱ्या खोलीत गेली असावी, मिक्सरचा आवाज बंद झाला. म्हणाली, बाबा, त्या दिवशी मी ओव्हन उघडून बघितला होता. गार होता. आईचं सामान जसंच्या तसं होतं. फलाफल कोपऱ्यावरचे होते ना?

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

म्हणाली, मी रागावलेले नाही. एवढं सगळं करून तुम्हाला तिथेच राहायचं आहे, म्हणजे किती राहायचं असेल, असं मला वाटलं. म्हणून काही बोलले नाही. तरी एकदा विचारते. ट्रेडमिल गॅलरीत हलवता येईल. हलवू का?

मी म्हटलं, नको. गॅलरीत ऊन लागतं, मशीन खराब होईल.

बरं, म्हणाली. मी फोन ठेवला नाही. मी वाट बघितली.

तिने पुन्हा विचारलं नाही.